गप्प झालेलं पिंप

मी एक जुनं लाकडी पिंप आहे, मित्रांनो. पोटाने गोल आणि स्वभावाने जरा चिडकं. कारागिराने फळ्या आगीवर शेकून वाकवल्या, वरून लोखंडी कड्या ठोकल्या आणि मला या थंडगार तळघरात आणून ठेवलं. तेव्हापासून दर हंगामात द्राक्षांचा रस माझ्या पोटात येतो आणि वाइन होऊन जातो.

आता नवल ऐका. रस आला की आपोआप फसफसू लागतो. खाली चूल नाही, विस्तव नाही, तरी उकळी! आत नुसती चुरचुर चाललेली असते. इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. पिंपाच्या अंगावर कसा येईल, असं विचारू नका. येतो!

ही वाइन करते मालकाची आत्या. मागच्या वर्षी तिला ताप आला आणि नंतर वासच येईनासा झाला. वासाशिवाय वाइन पारखायची कशी? यंदा एका सकाळी भाचा काळजीने म्हणाला, "आत्या, वाइन चाखायला येणारे आजचे पाहुणे शेवटचे. उद्यापासून तू आराम कर."

ती "बरं बाबा," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. या तळघराशिवाय ती करणार काय?

त्या सकाळी माझ्या तोंडातून फेस ओघळत होता. रस फसफसताना बूच नुसतं अलगद ठेवायचं असतं, हवेला वाट हवी. पण भाच्याला टापटिपीचं भारी वेड! "पाहुणे काय म्हणतील?" म्हणत त्याने मला पुसलं आणि बूच ठोकून घट्ट बसवलं. झालं! माझा जीव कोंडला.

पाहुणे मळा फिरून खाली आले. पेले हलवून, हुंगून घोट घेऊ लागले.

"अहो, गटागटा पिऊ नका, चाखायची असते," एक आजी म्हणाल्या.

"मग एवढ्या लांब आलो कशाला?" आजोबा म्हणाले.

आत्या हसली. "आता याची बडबड ऐका."

आजींनी मला कान लावला. "काहीच ऐकू येत नाही हो."

आत्या चपापली. तिने कान लावला, मग तळहात ठेवला. माझी फळी ताणून फुगली होती.

"मागे व्हा सगळे!" ती ओरडली. लाकडी हातोडीने तिने बुचाला बाजूने टोले दिले.

फुस्स! फेसाचं कारंजं थेट छताला भिडलं. अहाहा, काय सुटलो! मग हळूहळू चुरचुर सुरू झाली. सगळे श्वास रोखून ऐकत राहिले. पेल्यांकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"अगं बाई, जिवंत आहे की हे!" आजी पुटपुटल्या.

भाचा पांढराफटक पडला होता. "आत्या, फुटलंच असतं गं! तुला कळलं कसं?"

"अरे, एरवी हे किती बोलतं. आज गप्प होतं."

भाचा तिच्या जवळ आला. "सकाळपासून तूही गप्पच आहेस. माझ्या लक्षातच आलं नाही. उद्या येशील ना? मलाही ऐकायला शिकव."

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं बोलकं माणूस अचानक गप्प झालं, तर त्याच्या जवळ जाऊन बसा. त्याला बोलतं करा. आम्हा पिंपांना निदान हातोडीने तरी उघडता येतं.