एका सीटची गाडी

सदाशिवरावांनी रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा उल्काच्या नखांखालून फिरवला आणि तिचा हात उन्हात धरून पाहिला. काळं अजून होतंच. त्यांनी लिंबाची फोड उचलली.

"राहू द्या, बाबा. निघत नाही ते."

"निघतं. माझे हात होतात की रविवारी स्वच्छ."

"तुमचे कधीच झाले नाहीत."

ते नखं चोळत राहिले. तिच्या डाव्या मनगटाच्या वर वेल्डिंगनं भाजल्याचा रुपयाएवढा डाग होता. त्यावरून त्यांचा अंगठा दोनदा गेला.

"लांब बाह्यांचं पोलकं घाल," ते म्हणाले. मग जरा थांबून, "अविनाशला सांगून ठेवलंय मी. गाडी त्यानं केली असं म्हणायचं."

उल्कानं हात काढून घेतला नाही.

"त्याला प्लग कुठं असतो ते तरी माहीत आहे का?"

"एवढं कोण विचारतंय?"

गाडी त्यांच्या पाठीमागेच उभी होती, उत्तरेतल्या त्या शहरात सेक्टर वीसमधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात, भिंतीला टेकून. चार वर्षांपूर्वी सदाशिवरावांनी जवळच्या मनीमाजऱ्यातल्या एका भंगारवाल्याकडून बुलेट मोटरसायकलचा सांगाडा हातगाडीवर घालून आणला होता, तो खरं तर मुलासाठी. अविनाशनं दोन रविवार हात लावला. तिसऱ्या रविवारी उल्का पाना घेऊन बसलेली दिसली, आणि ती उठलीच नाही. सेक्टर सतराच्या लायब्ररीत तिनं एका विलायती मासिकात फोटो पाहिला होता. लंडनची पोरं एका चहाच्या हॉटेलापासून दुसऱ्यापर्यंत शर्यती लावत, त्यांच्या गाड्यांचा. हँडल खाली आणलेलं, टाकी लांबट, सीट एकाच माणसापुरती. तशी करायची, ती म्हणाली.

सदाशिवराव एका सरकारी संस्थेच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. त्यांनी तिला कानस धरायला शिकवली, वेल्डिंग शिकवलं. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्यानं पत्रा ठोकून गोलाई कशी आणायची, तेही. तीन टाक्या फुकट गेल्या. चौथी तिनं अशी ठोकली की त्यांच्या वर्कशॉपमधल्या कुणालाही जमली नसती. एकदा तिनं विचारलं होतं, "मला घेतील तुमच्याकडे?" ते हसले होते. तिनं पुन्हा विचारलं नाही.

यंदाच्या दसऱ्याला गाडी पहिल्यांदा चालू झाली. पहाटे ती एकटीच तलावापर्यंत जाऊन आली. परतली तेव्हा केस विस्कटलेले होते आणि गाल थंडीनं लाल झाले होते. असा तिचा चेहरा सदाशिवरावांनी ती लहान असताना पाहिला होता, त्यानंतर नाही.

पण तिला अठ्ठाविसावं लागलं होतं. तीन ठिकाणांहून नकार आले होते. एका बाईंनी तर तोंडावरच म्हटलं होतं, मुलीचे हात असे कसे. मार्चमध्ये सदाशिवराव निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं, सांगलीला दोन खोल्यांत जायचं. म्हणून या चौथ्या स्थळाला पत्र लिहिताना त्यांनी आपणहून एक ओळ घातली होती, की घरी बांधलेली मोटरसायकल जावयाला देऊ. उल्काला विचारलं नव्हतं. गाडी तिच्याच घरात राहील, रोज डोळ्यांपुढे असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली होती.

मुलगा, जयंत, दिल्लीला एका सरकारी कंपनीत होता. तो आणि त्याची आई शशिकलाबाई अकराच्या सुमारास आले. वडील नव्हते. दोघंही बोलायला बरे वाटले. गाडी बघायची म्हणून जयंत आधी अंगणातच गेला. त्यानं गाडीला एक फेरी घातली, मग उकिडवं बसून टाकीवर तळवा फिरवला.

"हे कुणी केलं?"

अविनाश सेक्टर सतरातल्या बँकेत कारकून होता. त्यानं आपल्या चपलांकडे पाहिलं.

"मी. मतलब, बाबांनी मदत केली."

"जोड कुठं आहे? दिसतच नाही."

"वो... आतून आहे."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा विळीचा आवाज थांबला. सदाशिवराव खाकरले.

"पण हिनं मागं बसायचं कुठं?" शशिकलाबाईंनी विचारलं.

जयंत हसला. "सीट बदलू ना, आई. लांब सीट मिळते बाजारात. हँडलही उंच करून घेऊ. असं वाकून ऑफिसला कोण जाईल?"

"हो, हो," सदाशिवराव घाईनं म्हणाले. "सगळं बदलता येतं."

खिडकीत उल्का उभी होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, गाडीकडे बघत होती.

मंडळी आत आली. उल्काच्या आईनं, नलिनीबाईंनी, पोहे परतायला घेतले. उल्का कोथिंबीर आणते म्हणून मागच्या दारानं गेली. "अगं, सकाळीच आणली की," नलिनीबाई म्हणाल्या, पण ती गेली होती. बऱ्याच वेळानं आली. बशा तिनंच आणून दिल्या. शशिकलाबाईंनी शिक्षण विचारलं, विणकाम येतं का विचारलं. बशी देताना बाही वर सरकली.

"हे काय गं भाजलं?"

"तेल उडालं," नलिनीबाई म्हणाल्या.

खाणं झाल्यावर जयंतनं हात पुसले. "चालवून बघू का?"

सगळे पुन्हा अंगणात आले. अविनाशनं चार किका मारल्या. काही झालं नाही. जयंतनं कोट काढून खुर्चीवर ठेवला, पेट्रोलचा कॉक बघितला आणि दहा-बारा किका मारल्या. त्याच्या कपाळावर घाम आला. मग सदाशिवराव पुढे झाले. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येत होतं. त्यांनी स्वतः किक मारली, पुन्हा मारली. इंजिन नुसतं फस्‌ करून थांबायचं. परवापर्यंत ते पहिल्या किकेला चालू होत होतं.

त्यांनी वळून पाहिलं. उल्का दारात होती, दोन्ही हात पदराखाली. तिचं नाव त्यांच्या ओठांवर आलं. ती पुढे आली असती तर मिनिटात दोष काढला असता. पण मग सगळंच उघडं पडलं असतं. त्यांनी तोंड फिरवलं.

"अहो, राहू द्या," शशिकलाबाई म्हणाल्या. "आम्हाला गाडीची हौस नाही हो. दिल्लीला न्यायची कशी, आणि रोज दुरुस्त कोण करणार? गाडी असू द्या तुमच्याकडेच. मुलगी पसंत आहे आम्हाला."

नलिनीबाईंचे डोळे भरले. त्या साखर आणायला आत धावल्या.

जयंत कोट घालता घालता थांबला. "तुमचं काय?" त्यानं उल्काला विचारलं. नीट, हळू विचारलं.

"तिचं काय असणार," सदाशिवराव म्हणाले. "आमचा होकार तोच तिचा."

उल्कानं त्यांच्याकडे पाहिलं. मग बशा गोळा करायला वाकली.

तीनच्या बसला अविनाश पाहुण्यांना पोचवायला गेला. नलिनीबाई शेजारी सांगायला गेल्या. सदाशिवरावांना राहवेना. त्यांनी प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि हातानं किक दाबली. ठिणगी पडली नाही. मग पॉइंटवरच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले.

पॉइंटच्या दोन टोकांमध्ये जाड कागदाची घडी होती. ती टोकं टेकली-सुटली तरच ठिणगी पडते. मध्ये कागद असला की इंजिन मेलेलं. पॉइंट साफ करायला असा कागद सरकवायचा, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. साफ करून झालं की कागद काढायचा असतो. हा काढायला घातलेलाच नव्हता. चार पदरी घडी होती, कडा नीट कापलेल्या, झाकण बसावं म्हणून. काम चोख होतं.

सदाशिवराव फरशीवर बसले. गाडी चालली नाही तर पाहुणे निघून जातील, असं तिला वाटलं असेल? की निदान गाडी तरी सुटेल? त्यांना ठरवता येईना. होकार देऊन झाला होता. फेब्रुवारीतली तारीखही बोलून झाली होती.

मागच्या दारात पावलं वाजली. त्यांनी कागद होता तिथेच राहू दिला, झाकण बसवलं आणि स्क्रू फिरवू लागले.

"सापडलं काही?" उल्कानं विचारलं.

"नाही."

"जुनं इंजिन आहे."

"हो," ते म्हणाले.

ती त्यांच्याशेजारी बसली. त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. झाकणाचा वरचा स्क्रू तिनं बोटानं चाचपला. तो जरा सैल होता. तिनं तो अर्धा फेरा आवळला.