धडकनबाबाचे थेंब आणि केळीची खोली

जैनाबादला भूपेंद्रशेठच्या केळी पिकवायच्या खोलीसमोर दर गुरुवारी मेलेली माणसं उठत असत. एवढं फुकट बघायला मिळाल्यावर घरी कोण बसतं? तापीचा पूल ओलांडून अख्खं बुऱ्हाणपूर लोटायचं. मांडवात नारळांचा ढीग, भोंग्यावर आरती आणि गादीवर धडकनबाबा.

"डॉक्टर बोलता है, दिल बंद, खेल खतम!" बाबा गरजायचा. "मी म्हणतो, बंद दिल म्हणजे बंद घडी. तीन बूंद होठावर ठेवा, घडी चालू!"

गर्दीत सुलभा उभी होती. सिंधीपुऱ्यातल्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. शेजारी सासूबाई, मथुराबाई. त्यांच्या पदराच्या गाठीत थेंबांची बाटली होती, अनंतसाठी. अनंत म्हणजे सुलभाचा नवरा. गेल्या वर्षी त्याला हार्ट अटॅक येऊन गेला होता. सुलभा दिवसभर शाळेत, घरी मायलेक दोघंच. तो पडला तर आई काय करेल, या विचाराने तिला वर्गात फळ्यावरचं दिसेनासं व्हायचं. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, हे डॉक्टरांनी सुलभाला शिकवलं होतं. मथुराबाईंनी शिकायला साफ नकार दिला.

"पोराच्या छातीवर हात टाकू? थेंब आहेत ना व माझ्याकडे!"

असेच थेंब शेजारच्या मालूबाईच्या घरीही होते. तिचा नवरा जेवता जेवता कोसळला. घरच्यांनी आधी बाटली शोधली, मग थेंब लावले, मग वाट पाहिली. १०८ ला फोन सगळ्यात शेवटी. बाबा तेराव्याला येऊन, लाडू खाऊन, वर म्हणाला, "उसका बुलावा आया था." उठला तर बाबामुळे, मेला तर वेळ भरली म्हणून. असा धंदा कधी बुडतो का?

सुलभाला एकच गोष्ट खटकत होती. गुरुवारी खोली उघडायची आणि गुरुवारीच बाबाचा दरबार. माणसं पडायची तीही फक्त याच खोलीतले हमाल. बाकीच्या बुऱ्हाणपुरातली हृदयं गुरुवार पाहून बंद पडत नाहीत. म्हणून तिने घरी एक उद्योग केला होता.

"अरे, लोटू पडला!"

चौघांनी लोटू हमालाला खोलीतून उचलून उघड्यावर आणलं. भोंगा थांबला. सुलभा पुढे झाली. लोटूचा श्वास तिने नीट पाहिला, मग म्हणाली, "बाबा, आज आमच्या आईंच्या हातून होऊ द्या. बाटली तुमचीच."

बाबा खूश. "बेशक! हात किसीका भी हो, असर बूंदचा!"

मथुराबाईंनी पदराची गाठ सोडून बाटली काढली आणि लोटूच्या ओठांवर तीन थेंब ठेवले. थोड्या वेळाने लोटूने डोळे उघडले. मांडव दणाणला. बाबाने स्वतःच्याच गळ्यात हार घालून घेतला.

"पाहिलंस?" मथुराबाईंचे डोळे भरले होते.

"पाहिलं, आई. पण त्या बाटलीत आपल्या नळाचं पाणी आहे. परवा मीच थेंब ओतून ते भरलं."

मांडवातल्या सगळ्या माना बाबाकडे वळल्या. बाबा मात्र बाबाच. "तो क्या हुआ? पानी में माईची श्रद्धा उतरली!"

तेवढ्यात कौतिक हमालालाही उचलून आणलं. बाबा बाटलीशी झटू लागला. झाकण चिकटलं होतं. सुलभाने सासूबाईंची बोटं कौतिकच्या गळ्यावर ठेवली.

"अवं, नाडी तर उडतेय!"

"बंद पडलीच नव्हती."

बाबाचं झाकण निघायच्या आत कौतिक उठून बसला. "कोण व हे बोटं खुपसतंय? पाणी द्या रे!"

मांडवात आधी एक हसला, मग सगळेच.

सुलभा खोलीच्या दाराशी गेली. "केळी पिकताना ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साईड सोडतात. ही खोली आठवडाभर गच्च बंद. हवा खेळू न देता माणूस आत घातला की चक्कर येऊन पडतो, बाहेरच्या हवेत शुद्धीवर येतो. फार वेळ आत राहिला तर खरंच मरेल. शेठ, पंखा बसवा."

"श्रद्धेची परीक्षा पाप है!" बाबा ओरडला.

"डॉक्टर स्वतःच्या औषधाची घेतात ती. हृदय बंद पडल्यावर द्यायचं त्यांचं मोठं नावाजलेलं इंजेक्शन आहे. इंग्लंडात ते ॲम्ब्युलन्समध्ये तपासलं. काही डब्यांत औषध, काहींत नुसतं मिठाचं पाणी, डबे हुबेहूब. देणाऱ्यालाही कळू दिलं नाही कशात काय. औषधाने थोडी जास्त माणसं वाचली, पण मेंदू शाबूत राहून धड जगणारी फारशी वाढली नाहीत. हे त्यांनी लपवलं नाही, छापलं. तुम्ही मालूबाईचा नवरा कुठे छापलात?"

बाबाने छापलं नाही. पुढच्या गुरुवारी गादीही दिसली नाही. लोकांच्या तोंडाला घाबरून भूपेंद्रशेठने हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, आणि त्या दिवसापासून जैनाबादला एकही चमत्कार झाला नाही.

बाबा दुसऱ्या गावाला गेलाय. उद्या तुमच्या गावात येईल. आला तर विचारा: थेंब न देता किती उठले असते? आणि थेंब देऊन मेले ते कुठे मोजलेत? माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास धड चालत नाही, तर बाटली शोधू नका. १०८ लावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबा. मदत येईपर्यंत थांबू नका.

मथुराबाई आता रोज दुपारी गुंडाळलेल्या गादीवर दोन्ही हात टेकून दाबतात. धाप लागते, तरी दाबतात. परवा अनंत दारातून म्हणाला, "आई, दमलीस. बस आता."

"तू गप," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "सुलभा शाळेतून येईपर्यंत थांबायचं नाहीये मला."