बुटक्याची चाल

मित्रांनो, उंचीने मी तुमच्या अंगठ्याएवढा, आणि त्यातली निम्मी उंची माझ्या दाढीची. मी एक जुना, शिशाचा बुटका आहे. डोंगराच्या पोटात खाणी खणणारे बुटके गोष्टींमध्ये असतात ना, त्यांच्यातलाच. माझ्या कुऱ्हाडीचं एक टोक नाही. लढाईत तुटलं असं मी नवख्यांना सांगतो, पण ही शुद्ध थाप आहे. ओतकामातच ते राहून गेलं.

माझा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका गॅरेजमधला. वितळलेलं शिसं रबरी साच्यात ओतलं, साचा उघडला, आणि मी रागीट चेहऱ्याने जगाकडे बघू लागलो. मग लायलने मला विकत घेतलं. लायल म्हणजे गावातल्या हार्डवेअरवाल्याचा मुलगा. त्याने माझी दाढी गोठ्याला लावून उरलेल्या लाल रंगाने रंगवली. गावातल्या गाईंनाही ती ओळखीची वाटली असती.

शनिवारी दुपारी लायलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, खेळ मांडला जाई. लायल गोष्ट सांगे आणि बाकीचे त्या गोष्टीतले वीर होत, फासे टाकत, भुयारं धुंडाळत. पण सगळ्यात आधी आपलं कूळ निवडायचं. माणूस व्हायचं, टोकदार कानांचा चपळ एल्फ व्हायचं, अर्धराक्षस व्हायचं की बुटका? बिस्किटांच्या डब्यातून मूर्ती उचलायची. तिचं जे कूळ तेच आपलं. गोष्टीतला वीर मरेपर्यंत ते बदलायचं नाही, असा त्या तळघराचा कायदा होता.

मला कोणी उचलत नसे. कारण सरळ आहे. बुटके हळू चालतात, आणि टोळीने सगळ्यात हळू गड्याच्या चालीने चालायचं, असा खेळाचा नियम. एकाने मला घेतलं की सगळ्यांचे पाय जड. म्हणून मी डब्याच्या तळाशी, बिस्किटांच्या जुन्या चुऱ्यात तोंड खुपसून पडलेलो असे.

एका हिवाळ्यात टोळीतल्या रॉजरची धाकटी बहीण खेळायला आली. तिचं नाव मार्लिस. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड होता आणि त्या पायात जाड तळव्याचा बूट असे. रॉजर वाईट भाऊ नव्हता. तो नेहमी झपाझप पुढे जाई, मग कोपऱ्यावर खिशात हात घालून तिची वाट बघत उभा राही. आपण बहिणीला सांभाळून घेतो, असं त्याला मनापासून वाटे.

दर फेब्रुवारीत ही मुलं गोठलेल्या तळ्यावरून पलीकडे चालत जात. तिथे कर्टच्या आजोबांची, बर्फाला भोक पाडून मासे धरायची झोपडी होती, आणि गेलं की तळलेले मासे मिळत. कर्ट हा टोळीतला तिसरा. मार्लिसला मात्र तिचे बाबा रस्त्याने वळसा घालून गाडीतून नेत. गाडी आधी पोचे, आणि ती काचेतून बघत बसे, तिघं लांबून हसत, एकमेकांना ढकलत येताहेत. तिला त्या बर्फावरून सगळ्यांबरोबर यायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

तर त्या शनिवारी रॉजरने तिच्यापुढे एक एल्फ ठेवला. चंदेरी केस, हिरवा झगा, एक पाय उचललेला. खास तिच्यासाठी बारीक कुंचल्याने रंगवलेला. मार्लिसने त्याच्यावरून बोट फिरवलं, फार सुंदर झालाय म्हणाली, आणि मग डब्यात कोपरापर्यंत हात घालून मला बाहेर काढलं.

कर्ट कण्हला. "अगं, तो नको. तो घेतलास तर आम्ही सगळे गोगलगायी."

"माहितीये. नियम वाचलाय मी."

रॉजरचा चेहरा पडला. "एल्फ घे ना, मार्लिस. इथे तरी तुला पळता येईल."

"पळून काय करू? पुढे जाऊन तुमची वाट बघू?" ती माझ्या दाढीतला चुरा झाडत होती. "मला बरोबर चालायचंय, रॉजर. तू पुढे जातोस आणि थांबतोस. थांबणं वेगळं."

लायलने ताज्या चीजच्या तुकड्यांची बशी पुढे सरकवली. ताजं चीज दाताखाली चुं-चुं वाजतं. रॉजरने एक तुकडा तोंडात टाकला आणि एल्फ डब्यात ठेवून दिला.

पुढचे शनिवार काही गोडीगुलाबीत गेले नाहीत. आम्ही पोचेपर्यंत खजिना दुसऱ्याच कोणी लुटलेला असे आणि कर्ट मला शिव्या घाली. रॉजर एकदा चिडून भुयारात एकटाच पुढे निघाला. लायल शांतपणे म्हणाला, जा की, मशाल मात्र टोळीकडे आहे. रॉजर मुकाट्याने मागे आला. हळू चालायचं तर वेळ कसा काढणार? मग वाटेत गप्पा सुरू झाल्या, कर्टची बेसूर गाणी सुरू झाली. हळूहळू रिवाजच पडला. टोळी निघाली की लायल विचारी, "चाल कोणती?" आणि सगळे ओरडत, "बुटक्याची चाल." रॉजरचा आवाज सगळ्यात शेवटी यायचा.

फेब्रुवारी आला. बाबांनी गाडी काढली. मार्लिस सवयीने गाडीकडे वळली. मी तिच्या लोकरी हातमोज्यात होतो, म्हणून हे सगळं मला नीट ऐकू आलं. रॉजरने गाडीची काच ठोठावली.

"बाबा, तुम्ही जा. ही आमच्याबरोबर येतेय."

"अरे, वारा बघ किती सुटलाय. फार वेळ लागेल तुम्हाला."

"लागू दे," रॉजर म्हणाला.

बर्फावर उतरल्यावर कर्ट आपल्या सवयीने तरातरा निघाला, मग भानावर येऊन परत आला. लायलने घसा साफ केला.

"चाल कोणती?"

"बुटक्याची चाल," रॉजर म्हणाला. या वेळी सगळ्यांच्या आधी.

मार्लिसने मूठ इतकी घट्ट आवळली की माझी कुऱ्हाड तिच्या तळव्यात रुतली. मला तेव्हा रडायला आलं असतं, पण शिशाला ती सोय नाही. आम्ही पोचलो तेव्हा मासे गार झाले होते आणि आजोबा गुरगुरत होते. त्या गार माशांची तारीफ मार्लिस अजून करते.

पुढे मुलं पांगली. डबा लायलच्या गॅरेजात गेला. उन्हाळ्यात तापलो, हिवाळ्यात गारठलो, दाढीचे पोपडे निघाले, बिचाऱ्या एल्फचा कान मोडला. कित्येक वर्षं आम्हाला कोणी हात लावला नाही. पण तक्रार कसली करू? ज्याला कोणी घेत नव्हतं, त्याला एकीने हात घालून शोधून काढलं होतं. ती ऊब गॅरेजातही पुरली.

आता मार्लिसचे केस त्या एल्फसारखे चंदेरी झालेत. गावच्या वाचनालयात शनिवारी ती मुलांना हा खेळ शिकवते आणि लायलकडून मागून आणलेला तोच डबा पुढे करते. बहुतेक मुलं एल्फ उचलतात. मोडक्या कानाचा असला तरी. उचलू देत.

मित्रांनो, घरात आमच्यासारखी जुनी चिल्लीपिल्ली असतील तर त्यांना कोरड्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवा, एवढीच विनंती. आणि खेळायला बसलात तर कूळ मनाला येईल ते घ्या. फक्त टोळी निघताना तुमच्यातल्या कोणीतरी आठवणीने विचारा, चाल कोणती?