भाकरीची कोर

"जमुनाताई, तुमी फक्त तिले गाडीत बसवा. बाकीचं मी पाह्यतो," जमुनाला चपला काढायचीही उसंत न देता मनोज म्हणाला.

अंगणात जीप उभी होती. एरवी ती परतवाड्याहून धारणीकडे सवाऱ्या नेणारी, पण आज मनोजनं ती नागपूरच्या मनोरुग्णालयात जाण्यासाठी ठरवली होती. मागच्या सीटवर उशी, चादर आणि पाण्याची बाटली आधीच ठेवलेली होती. त्याची धाकटी बहीण शकुन बारा दिवस घरचं जेवली नव्हती. जेवणात औषध आहे, असं म्हणायची. मागच्या बागेतली संत्री आणि दुकानातून आणलेले बिस्किटांचे पुडे यांवर तिनं इतके दिवस काढले होते. गालफडं बसली होती. फोनवर मनोजनं हे सगळं सांगितल्यावर तिचे अमरावतीचे डॉक्टरही म्हणाले होते, नागपूरला न्या.

जमुना काही डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. अमरावतीला राजापेठेत सकाळी अकरापर्यंत हार विकायचे आणि दुपारची बस पकडायची, असे तिचे आठवड्यातले दोन दिवस जात. वीस वर्षांपूर्वी तिलाही नसलेले आवाज ऐकू यायचे. शेवंतीच्या वाफ्यात बसून ती त्या आवाजांशी तावातावानं भांडायची आणि अख्खं गाव कुंपणाशी उभं राहून फुकटचा तमाशा बघायचं. आता ती बरी होती, म्हणजे रोज एक गोळी घेऊन बरी होती. एक संस्था तिला 'साथी' म्हणून लोकांच्या घरी पाठवायची, तशीच ती शकुनकडे येत होती. जी माणसं त्या दुखण्यातून बाहेर पडू पाहतात, त्यांच्याजवळ त्याच दुखण्यातून उठलेल्या माणसानं जाऊन बसायचं, एवढंच ते काम. सल्ला देऊ नका, आधी आपलं सांगा, असं शिकवणीत बजावलं होतं. जमुनाला हे काम चांगलं जमायचं, कारण सल्ला देणं तिला मुळातच जमत नव्हतं.

एक खोड मात्र होती. ती कुठंही गेली तरी आपला डबा आपण न्यायची आणि कुणाच्या घरचं पाण्यापलीकडे काही घ्यायची नाही. लोक म्हणत, बाई भारी सोवळ्याची दिसते. जमुना हसून म्हणायची, "पोट नाजूक हाय माहं." तिच्या पोटाला दगडही पचले असते, पण लोकांचं त्यानं समाधान व्हायचं.

शकुन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, चौकटीला पाठ टेकून बसली होती. जमुना शेजारी जाऊन बसली.

"कोनत्या जेवनात हाय औषध?"

"माह्या. वरनात कडू लागते."

"तसं वाटते का तुले?"

"वाटत नाई ताई. हायेच."

"पाह्यलं?" मनोज दारातून म्हणाला. "तेच वरन आमी सारे खातो. आमाले गोडच लागते. आता याले काय म्हनाचं? तुमी सांगा तिले. तुमचं आयकते ते."

शकुनचं बोलणं दुखण्यातून आलेलं असू शकत होतं. एके काळी खुद्द जमुनाला विहिरीच्या पाण्यात आणि शेवंतीच्या वासातही विष जाणवलं होतं. पण ते खरंही असू शकत होतं, हेही तिला चांगलंच ठाऊक होतं. नागपूरच्या दवाखान्याची तिला भीती नव्हती, तिथंच तर ती बरी झाली होती. पण खरं बोलणाऱ्या माणसाला वेडं ठरवून गाडीत घातलं, तर ते माणूस पुन्हा कधी तोंड उघडत नाही. आणि आज शकुनला गाडीत बसवणारा हात जमुनाचा असणार होता. तिनं स्वतःच्या पिशवीतल्या डब्याकडे पाहिलं आणि तो तिथंच राहू दिला.

"मावशी," ती चुलीकडे वळून म्हणाली, "शकुनचं ताट वाढा. मी तिच्यासंगं जेवतो. एकाच ताटात."

मैनाबाईंचा पळीचा हात थांबला. शकुनची आई म्हणजे आल्यागेल्याला जेवू घातल्याशिवाय चैन न पडणारी बाई. जमुनाच्या डब्यावर तिचा पहिल्या दिवसापासून राग होता. आज जमुना पहिल्यांदा जेवते म्हणत होती आणि मैनाबाईंच्या चेहऱ्यावर आनंद म्हणून नव्हता.

"तुमाले येगळं वाढतो ना बाई. पाहुन्या मानसाले असं बरं दिसते काय?"

"चालते. आता शकुनसाठी जे वाढान, तेच द्या."

ताट आलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वाटीत वरण. शकुन टक लावून पाहत होती. जमुनानं भाकरीचा तुकडा मोडला. अकरा वर्षांत तिनं दुसऱ्याच्या चुलीवरचा घास तोंडात घातला नव्हता. तिनं तुकडा वरणात बुडवला आणि उचलला.

"नको खाऊ वं पोरी!"

मैनाबाईंनी तिचं मनगट धरलं होतं. घास ताटात पडला.

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला.

"गोळी थुकून टाके ते," मैनाबाई खाली बसल्या. "डॉक्टर म्हने, गोळी सुटली का पुन्हा तसंच होईन. मंग मी काय करू? खलबत्त्यात कुटो अन् तिच्या वाटीत टाको. आज खाईन, उद्या खाईन म्हून रोज टाकून राहिली. याले बी नाई सांगतलं. बापा, आपल्या लेकरासाठी खोटं बोलली मी, पन पाहुनीच्या पोटात कसं जाऊ देऊ?"

शकुन ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं मान वर करून भावाकडे पाहिलं. "दादा, मी खोटं नोती बोलत."

मनोज दारातून आत येऊन तिच्यासमोर बसला. बारा दिवस त्यानं शेजारच्यांना, डॉक्टरला, जमुनाला एकच गोष्ट सांगितली होती. चांगल्या मनानं सांगितली होती, हे तर अजूनच वाईट.

"नोतीस," तो म्हणाला. "नोतीस वं बाई."

आता जमुनाची पाळी होती. आपलं सांगायचं, हा नियमच होता. पण ही गोष्ट तिनं संस्थेच्या बैठकीतही कधी काढली नव्हती.

"माह्या मायनं बी हेच केलं," ती म्हणाली. "पार्बताबाई नाव तिचं. चहात टाके. मले समजलं त्या दिवसापासून मी तिच्या हातचं सोडलं. मंग मी बरी झाली, गोळी आपल्या हातानं घ्याले लागली, पन तिच्या हातचं नाई ते नाईच. नऊ वर्सं. ते रोज भाकर करे, माह्यापुढं बसे, भाकरीची कोर तोडून आपल्या तोंडात टाके. 'पाह्य, काई नाई यात,' म्हने. मी उठून आपली चूल पेटवो. तिची भाकर गाईले जाये. दोन वर्सं झाले, ते गेली."

हे शकुनला सांगायचं होतं, पण बोलताना तिची नजर मैनाबाईंवर होती. मैनाबाई पदराचं टोक दातात धरून ऐकत होत्या.

"गोळी दे," थोड्या वेळानं शकुन आईला म्हणाली. "अख्खी. हातावर."

मैनाबाईंनी डब्यामागून पाकीट काढलं आणि एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"हिच्यानं मले दिवसभर झोप येते. सुईत दोरा ओवता येत नाई, हात हालतात. म्हून थुको मी. कोनी इचारलं काय, कावून थुकतं म्हून?"

कुणी विचारलं नव्हतं. जमुनानंही नाही. तिनं ते कबूल केलं.

"डॉक्टरले सांगू. गोळी बदलून देतात, कमी बी करतात. मी येईन संगं, पन सांगाचं तू."

"तवापरेंत घेईन," शकुन म्हणाली. "मंग पाहू." तिनं गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्याली आणि तोंड उघडून आईला दाखवलं. मैनाबाईंनी मान फिरवली. असं बघण्याची त्यांना आता लाज वाटत होती.

मनोज बाहेर गेला. सवाऱ्या बुडाल्या म्हणून जीपवाला कुरकुरत होता, त्याला त्यानं कसंबसं समजावलं आणि उशी, चादर छातीशी धरून आत आला. "शुक्रवारी अमरावतीले जाऊ," तो म्हणाला. "डॉक्टरले आता फोन करतो. अन् यष्टीनं जाऊ. माह्याजोळ बसशीन ना?"

शकुननं ते ताट बाजूला सारलं, कोरं ताट ओढलं आणि म्हणाली, "माय, तू बी बस." मायलेकी एका ताटात जेवल्या. शकुन आधी आईचा घास घशाखाली उतरताना बघायची, मग आपला उचलायची. पूर्ण एक भाकरी गेली. मैनाबाईंनी जमुनालाही आग्रह केला, पण तोवर तिचा मघाचा धीर सरला होता. तिनं नेहमीचं पोटाचं कारण सांगितलं आणि कोपऱ्यात बसून आपला डबा खाल्ला. तिला स्वतःचीच चीड आली.

निघताना मैनाबाईंनी तिच्या हातात फडक्यात बांधलेली शिदोरी दिली. "खा नाईतं नको खाऊ," त्या म्हणाल्या. "पन ने." अशा शिदोऱ्या जमुना नेहमी घ्यायची आणि स्टँडवरच्या गाईला घालायची.

आज स्टँडवर गाय होती. जमुना तिच्यासमोरून बसमध्ये जाऊन बसली.

परतवाडा मागे पडला, संत्र्याच्या बागा सरकू लागल्या, तेव्हा तिनं मांडीवर फडकं सोडलं. दोन भाकऱ्या, मिरचीचा ठेचा, कांदा. दोन्ही भाकऱ्यांची कोर तुटलेली होती. आत चुलीपाशी, कुणी बघत नसताना, मैनाबाईंनी ती तोडून खाल्ली होती.

जमुना किती तरी वेळ त्या तुटक्या कडेवर बोट ठेवून बसली. माय, एक तरी खाल्ली असती मी, एक तरी. मग तिथूनच पुढचा तुकडा मोडून तिनं तोंडात घातला. ज्वारी गोड होती. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, दोन्ही हात भाकरीत गुंतले होते.

शेजारी बसलेली म्हातारी मघापासून फडक्याकडे निरखून बघत होती. तिला राहवलं नाही.

"काव बाई, उष्टी भाकर बांधून देल्ली काय कोनं तुले?"

"हो," जमुना म्हणाली, "उष्टीच हाय." आणि तिनं दुसरी भाकरी हातात घेतली.