दोन बोटं आखूड पाय

जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या फलाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. एक चमत्कारी बाबा आले होते. खुद्द मुकादमानेच आणले होते. पन्नास किलोची पोती उचलून निम्म्या हमालांच्या कमरा कामातून गेल्या होत्या, आणि हे बाबा म्हणे नुसता पाय ओढून कंबर बरी करायचे.

माझा थोरला भाऊ खोक्यावर बसला. बाबांनी त्याचे दोन्ही बूट जोडून धरले. डावा पाय दोन बोटं आखूड!

"दिसलं का लेकरांनो? ओझ्यानं पाय कमरेत शिरलाय. ये राजा, बाहेर ये!" रुसलेल्या जावयाला बोलवावं तसं पायाला चुचकारत बाबांनी तो ओढला. पाय आला! टाळ्या पडल्या.

"उचल पोतं. दुखलं तर नाव बदलीन."

दादाने त्या भरात उचललं. मला मात्र शंका होती.

चारच्या सुमाराला दादा पोत्यासकट खाली बसला तो उठलाच नाही. डावं पाऊल लुळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मणक्यातली गादी सरकून नस दबलीय. पाऊल पहिल्यासारखं होईलच, असं सांगता येत नाही."

आठवड्याने बाबा पुन्हा आले, तेव्हा वहिनी टेप घेऊन फलाटावर चढली. ती शिवणकाम करते.

"बारा वर्षं ह्यांच्या पँटी मीच शिवतेय. दोन्ही पाय एका मापाचे आहेत."

खोक्यावर बसलेल्या म्हाताऱ्या हमालाचे बूट तिने काढायला लावले, पाय मोजले. सारखे!

"आता दाखवा आखूड."

"अश्रद्धेपुढे शक्ती चालत नाही," बाबा पुटपुटले.

वहिनीने बूट परत चढवले. गोदामाचे बूट सगळ्यांनाच सैल. तिने उजवा बूट टाचेतून जरा पुढे ओढला. झाला डावा आखूड! मग डावा ओढल्यासारखं करत उजवा मागे ढकलला. दोन्ही सारखे.

"तुम्ही बघता डावा, आणि सरकतो उजवा."

बाबांनी काढता पाय घेतला. कुणी हसलं नाही.

म्हातारा म्हणाला, "पोरी, लबाडी कळली. पण घटकाभर तरी बरं वाटायचं गं. आता काय करायचं?"

"ढकलगाड्या मागा."

"तीन वर्षं मागतोय."

मुकादमाची शिट्टी झाली, तसे सगळे पोत्यांकडे वळले.

दादा अजून पाऊल घासत चालतो. म्हणून सांगतो, दुखणं खरं असलं म्हणून त्यावरचा चमत्कार खरा होत नाही. कमरेतून पायात कळ गेली, तर ओझं तिथेच ठेवा आणि डॉक्टर गाठा.

ठेवू देत असतील तर.