माझ्या पोटातल्या मोटारी आणि आबांचं वडाप

मी एक जुनी गेमची तबकडी आहे, मित्रांनो. दुकानात मला डिस्क म्हणतात आणि माझ्या आत्ताच्या घरातल्या तानाबाई म्हणतात 'गाड्यांची थाळी'. हातावर मावेन एवढीच मी, पण माझ्या पोटात केवढं जग आहे म्हणून सांगू! सोळा मोटारी आहेत. समुद्राकाठचा लांबच लांब रस्ता आहे. तिथं कायम संध्याकाळ असते; सूर्य मावळायला येतो आणि मावळतच नाही. पेट्रोल संपत नाही, टायर फुटत नाही, आणि शिट्टी मारायला पोलीसमामाही नाही.

कुठल्याशा लांबच्या कारखान्यात मला साच्यात दाबून काढलं. त्यातला मला नुसता लखलखाट आठवतो, आणि मग एकदम इंजिनांचा आवाज. पहिल्या घरात दोघा भावांनी माझे फार लाड केले. मग त्यांच्याकडे नवा गेम आला आणि मी दिवाणाखाली गेले. तिथल्या अंधारात मी माझी संध्याकाळ एकटीच बघत पडून असे. बघायला कुणी नसलं की समुद्रसुद्धा कंटाळवाणा वाटतो हो. शेवटी जुन्या सामानाच्या दुकानातून मला अनुजानं उचललं.

अनुजा शिरोली एमआयडीसीत नोकरीला जाते आणि सुट्टीच्या दिवशी गेमची परीक्षा घेते. व्हिडिओ काढायला मोबाईल समोर उभा करायचा, खेळत खेळत बोलायचं आणि शेवटी दहापैकी मार्क द्यायचे. तिचं ऐकून लोक ठरवतात, गेम घ्यायचा की नाही. मग माझी पाळी आली.

"मंडळी, ही गाडी हाय का साबणाची वडी?" तिनं सुरुवातच अशी केली. "वळणावर ब्रेक दाबावाच लागत न्हाय. नुसतं वाकडं करा, जातीय घसरत. मागच्या गाडीला कितीबी मागं टाका, शेवटच्या फेरीला पाठीवर हजर! गाणी तीन, तीच तीच. संध्याकाळ मात्र नाद खुळा केलीय."

मला राग आला. अगं बाई, मी स्वप्नातली गाडी आहे, स्वप्नात कोण ब्रेक दाबतं? पण बोलते कुणाला! ती चार मार्क देणार एवढ्यात मागून आवाज आला, "दे बघू हिकडं."

ते तिचे वडील, हंबीरराव. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. कोल्हापूर ते गगनबावडा त्यांचं वडाप होतं, म्हणजे वाटेत हात करील तो उतारू घेत जाणारी जीप. एका पावसाळ्यात गगनबावड्याच्या अलीकडच्या वळणावर धुक्यातून रेडकू आडवं आलं. आबांनी गाडी वळवली ती थेट खड्ड्यात. जीव कुणाचा गेला नाही, पण एका म्हातारबाबांचा हात मोडला. त्या दिवसापासून आबांनी किल्लीला हात लावला नव्हता. जीप दारात ताडपत्री पांघरून उभी होती. "आबांचा हात गेला आता," असं गल्लीतली माणसं त्यांच्यादेखत म्हणायची.

आबांनी रिमोट धरला आणि मित्रांनो, माझी सोळा मोटारींची फौज चक्रावली. हा माणूस डाव्या कडेनं चालला होता! वळण आलं की हॉर्न, मग ब्रेक, मग वळण. मागून कुणी आलं की "जा बाबा, तुला लई घाई," म्हणून वाट देत होता. आणि रस्त्याकडेला टाळ्या वाजवणारी, हात हलवणारी माणसं माझ्यात काढली आहेत ना, त्यांच्यापाशी गाडी हळू करत होता.

"आबा, रेस हाय ही! थांबताय कशाला?"

"अगं, हात करालीत की माणसं. तशीच सोडून जाऊ व्हय?"

अनुजा हसून हसून लोळली. आबा शेवटचे आले. पण मी तर त्यांच्या प्रेमातच पडले. कुणीतरी मान मोडून काढलेली ती माणसं आजवर कुणी धड बघितली नव्हती. आबांनी त्यांच्या टोप्यासुद्धा बघितल्या.

मग रोजच संध्याकाळी ते माझ्या संध्याकाळीत यायला लागले. एकच रस्ता त्यांनी टाळला. माझ्यात डोंगरातला एक घाट आहे, धुक्याचा. तो पडद्यावर आला की म्हणायचे, "ते नगं." अनुजा दुसरा रस्ता लावून द्यायची, तिनं मार्कही लांबवले होते.

इकडे हातकणंगल्याचे चन्नाप्पा जीप घ्यायला तयार झाले होते. खंडेनवमीला बघायला येणार, दसऱ्याला नेणार. अनुजाच्या आईनं, तानाबाईंनी, एकदाच विचारलं, "अवो, मनापास्नं इकताय का भिऊन इकताय?" त्या संध्याकाळी आबांनी स्वतःहून धुक्याचा घाट उघडला.

काय सांगू मित्रांनो, माझं धुकं फार सुंदर आहे. पांढरं, मऊ, हलणारं. आबांना त्याचं कसलं कौतुक! तिसऱ्याच वळणाला गाडी दरीत गेली. रिमोट मांडीवर पडला. चेहऱ्यावर घामच घाम. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा मला शिवत नाही.

पण माझ्यात दरीत गेलेली गाडी लगेच रस्त्यावर परत येते आणि थोडा वेळ नुसती लुकलुकत राहते. तेवढ्या वेळात तिला कुणी धडकू शकत नाही. बाकीच्या गाड्या तिच्यातून आरपार निघून जातात.

"अनु, ही लुकलुकतीय कशापायी?"

"सावराय टाइम देत्यात, आबा. तवर कुणाचा धक्का लागत न्हाय."

आबा हळूच म्हणाले, "हे बरं केलंय." माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण रडू आलं ते त्याच दिवशी. पुढं आबा त्या वळणावर रोज पडले, रोज लुकलुकले आणि रोज थोडे पुढं गेले. घाट काही पुरा झाला नाही.

खंडेनवमी उजाडली. या दिवशी आपल्याकडे हत्यारं, अवजारं, गाड्या सगळ्यांची पूजा असते. तानाबाईंनी जीप धुतली, झेंडू बांधले, लिंबू लावलं. मग त्यांना माझी आठवण झाली. सोळा गाड्या पोटात असलेल्या थाळीला पूजेविना कसं ठेवायचं? त्यांनी मला बाहेर काढलं, माझी चकचकीत बाजू वर केली आणि त्यावर ओल्या कुंकवाचं झकास स्वस्तिक काढलं. वर हळद, अक्षता. आणि आपलं काहीतरी चुकलं असं वाटून पदरानं गोल गोल घासून पुसलं; अक्षतांचे ओरखडेच ओरखडे उठले!

अगं आई गं! पण राग कसा येणार? आजवर मला कुणी ओवाळलं नव्हतं.

दुपारी चन्नाप्पा यायच्या आधी आबांना एकदा घाट पुरा करायचा होता. अनुजानं मला आत घातलं. समुद्र आला, सूर्य आला. धुकं काही येईना. पडदा काळा. पुन्हा घातलं, पुन्हा काळा. तानाबाई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. "मीच केलं ओ हे. नेमकं आजच."

आबा खुर्चीत बसून राहिले. मी जिवाच्या आकांतानं फिरत होते, पण तो रस्ता माझ्यात उरलाच नव्हता.

मग आबा उठले. खिळ्यावरची किल्ली काढली. "अगं तानाबाई, उलथली तर उलथली. येतीस काय?"

"येतो की!" म्हणत त्या चपला घालायच्या आधीच निघाल्या.

जीप चार वेळा खोकली आणि पाचव्यांदा लागली. गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकायचं विसरलं. चन्नाप्पा आले तेव्हा दारात नुसती ताडपत्री होती.

"बसा पावणं," अनुजा म्हणाली. "आबा गाडी घिऊन गेल्यात."

"अहो, आमची गाडी?"

"न्हाय ओ. त्यांचीच."

दिवेलागणीला दोघं परत आले. तानाबाईच सांगत होत्या, आबा नुसते पाणी पीत होते. "त्या वळणावर हे एवढं धुकं! ह्यांनी गाडी कडंला घेतली, दिवं लावलं आणि गप बसलं. मीबी बसलो. मागची हॉर्न मारून मारून गेली पुढं. निवळल्यावर निघालो."

दसऱ्यापासून वडाप सुरू झालं. अनुजानं माझी परीक्षा पुरी केली, पण मार्क दिले नाहीत. "आमच्या आबांचं काम झालंय ह्या गेमवर. मी कुठलं मार्क देतो आता," म्हणाली.

मित्रांनो, मला पुसायचंच झालं तर मऊ फडक्यानं, मधून बाहेर, सरळ पुसा. माझा एक रस्ता गेला, बाकीचे टिकू देत. आणि तुमच्या घरात कुणी पडून परत आलं असेल, तर ते पुन्हा चालू लागेपर्यंत त्याच्या मागं हॉर्न वाजवू नका.