जास्तीच्या दोन रकाती

“कुणाचाही विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर त्याने डॉक्टर गाठावा,” एवढी प्रस्तावना केल्याशिवाय गप्पूचाचांच्या तोंडून गोष्ट बाहेर पडत नसे. मग ती गोष्ट खळीच्या पातेल्यात पडलेल्या मांजराची का असेना. ते मांजर म्हणे आठ दिवस जिथे टेकेल तिथलं काही ना काही अंगाला चिकटवून घरी आणायचं. आधी चटई आणली, मग उशी, आणि शेवटी उशीसकट टेलरमास्तर.

टेलरमास्तर समोरच बसलेले असायचे. “मला कसं आठवत नाही ते?”

“आठवेल कसं? घोरत होता की तुम्ही!”

चाचा पुस्तकं बांधायचे. पुठ्ठा, दोरा, दाभण आणि खळ यांच्यात त्यांची उभी हयात गेली. फाटकेतुटके कुराण आजूबाजूच्या चार मोहल्ल्यांतून त्यांच्याकडेच येत. कुणाच्या घरात कुठली सूरा, कुठला अध्याय जास्त वाचला जातो, हे ते पानांच्या मळलेल्या कडा पाहून सांगत, आणि यात मात्र थाप नव्हती. शेवटच्या छोट्या सूरांची शिवण सगळ्यात आधी सुटते, कारण सगळे तिथूनच शिकायला लागतात. त्या पानांतून चाचांची सुई हजारदा आरपार गेली असेल. पण सुईला काय कळतंय!

मशिदीच्या बाजूच्या खोलीत दर शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर बैठक भरायची. पुरुष चटईवर, बायका पडद्यामागे. इमामसाहेब वयाने पोरसवदा, पण नियम कडक: एक सूरा वाचायची, अर्थ सांगायचा, आणि मग एकेकाने बोलायचं. “पुस्तकातलं नको. सूरेतल्या एखाद्या आयतीने तुम्हाला तुमच्या घरात कुठे गाठलं, तेवढं सांगा.”

बैठक शेवटच्या सूरेपासून मागे मागे सरकत आली होती. आज कुठली सूरा येणार, हे चाचांना तीन आठवडे आधीच कळलं होतं. बोटांवर मोजलं होतं त्यांनी. ताप आल्याचं सांगून घरी पडून राहावं, असंही मनात येऊन गेलं. पण सकाळी मुलगी बॅग भरताना म्हणाली, “अब्बा, उद्या मी जाते. आज बैठकीला येईन. अम्मी बसायची तिथे बसेन.” मग कसला ताप नि कसलं काय.

मुलगी आईच्या आजारपणात सासरहून आली होती. आई जाऊन दोन महिने झाले, तरी तिचा पाय निघत नव्हता. कारण एकच. आई गेली त्या दुपारी ती औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढच्या बाईशी दोन शब्द बोलली, नंबर चुकला, पुन्हा मागे उभं राहावं लागलं. घरी आली तर आई पलंगावरून खाली पडलेली, हात माठाच्या दिशेला. तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं: “मी गप्पा मारत बसले नसते तर तिच्या घशात दोन घोट पाणी गेलं असतं.” जेवायला बसली की घास हातात तसाच राहायचा.

आणि तिने तीनदा विचारलं होतं, “अब्बा, तुम्ही मधल्या खोलीत होतात ना? अम्मीने हाक नाही मारली?”

तिन्ही वेळा चाचा म्हणाले, “नाही गं. हाकच नाही मारली तिने.”

मारली होती. तीनदा मारली होती.

त्या दुपारी चाचांची जोहरची नमाज आटोपली होती. तिच्या मागच्या सुन्नत रकातीही झाल्या होत्या. चटई गुंडाळायला वाकले, तोच दारात चपला वाजल्या. मशिदीचे दोन कारभारी आले होते. पहाटे मशीद उघडायची किल्ली कुणाच्या हाती द्यावी, हे ठरवायला ते घरोघर फिरत आहेत, हे चाचांना ठाऊक होतं. आयुष्यभर लोक त्यांना हसत आले होते. गप्पू म्हणून बोलावत, गप्पू म्हणूनच निरोप देत. एकदा तरी कुणीतरी भारदस्त माणूस म्हणून बघावं, ही भूक म्हातारपणी फार वाईट. चाचांनी चटई परत सारखी केली आणि दोन रकात नफ्लची, म्हणजे सक्ती नसलेल्या जास्तीच्या नमाजची, नियत बांधली.

“अहो…” आतून हाक आली. आवाज इतका बारीक, की बाहेरच्या खोलीपर्यंत जाऊ नये.

चाचा गुडघ्यांवर हात ठेवून रुकूत वाकले.

“अहो, जरा पाणी…”

नफ्ल नमाज अडलेल्या माणसाच्या हाकेसाठी तोडता येते, हे त्यांना माहीत होतं. नमाज मोडणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हतं. सलाम फिरवायचा, उठायचं, चार पावलं टाकायची. पण बाहेर दोन जोडी डोळे पाठीला चिकटले होते. चाचा सजद्यात गेले आणि सजदा लांबवला. तिसरी हाक आली तेव्हा कपाळ जमिनीला होतं आणि कान दाराकडे. तिकडे कारभारी कुजबुजत होते, “काय तल्लीन झालाय माणूस! नको उठवायला.” चपला हलकेच परत गेल्या. चाचांनी सजदा आणखी थोडा ताणला; न जाणो, एखादा मागे वळून बघत असेल.

मग ते आत गेले, आणि त्यांच्या मागोमागच मुलगी औषध घेऊन आली.

चौथ्या दिवशी किल्ली आली.

आणि आज इमामसाहेब वाचत होते. वाचून झाल्यावर अर्थ सांगू लागले, “यतीमाला, पोरक्या लेकराला धक्के मारून हाकलणारा, गरिबाच्या जेवणाची आठवणही न करणारा, त्याची गोष्ट आधी येते. आणि लगेच पुढे काय येतं बघा. नाश होवो त्या नमाज पढणाऱ्यांचा, जे आपल्या नमाजबद्दल बेफिकीर आहेत. जे दाखवण्यासाठी करतात. आणि माऊनसुद्धा नाकारतात. माऊन म्हणजे काय? घरातली बारीकसारीक वस्तू. शेजारीण मागते ती. बादली, सुई, मीठ, पाणी.”

पाणी म्हणताना ते चाचांकडे बघत नव्हते. तरी चाचांनी मान खाली घातली.

टेलरमास्तर बोलले. शेजाऱ्याला कात्री दिली नाही, ती दुसऱ्याच दिवशी हरवली. लोक हसले. पडद्यामागून एक म्हातारी म्हणाली, “मी मीठ देते, पण वाटी परत येईस्तोवर माझी झोप उडते. ते चालेल का?” पुन्हा हसू. मग इमामसाहेब म्हणाले, “चाचा, आता तुम्ही. आणि आज मांजर नको.”

चाचांनी सकाळपासून वाक्यं जुळवली होती. सांगून टाकायचं. पडद्यामागे पोर बसली आहे. तिच्या डोक्यावरचं ओझं आपलं आहे, ते सगळ्यांदेखत आपल्या डोक्यावर घ्यायचं. उद्या ती गेली की राहून जाईल. किल्ली गेली तर गेली.

“कुणाचा विश्वास बसायचा नाही,” ते म्हणाले. कुणी हसलं नाही. “तुमची चाची गेली त्या दुपारी मी नफ्ल पढत होतो. तिने हाक मारली. अहो, म्हणाली. जरा पाणी, म्हणाली. मी सजद्यात होतो.”

टेलरमास्तरांचे डोळे भरून आले होते. दोघा कारभाऱ्यांनी माना हलवल्या, कौतुकानेच. चाचांना ते भरलेले डोळे दिसले, त्या हलणाऱ्या माना दिसल्या. आता पुढचं एकच वाक्य होतं: मी उठलो नाही. जीभ त्या वाक्याच्या काठापर्यंत गेली, खाली पाहिलं, आणि साठ वर्षांच्या सवयीने पलीकडे उडी मारली.

“आणि मी नमाज तोडली,” चाचा म्हणाले. “तिथल्या तिथे. अल्लाह हाकेच्या मागेच उभा असतो हो! धावत गेलो. तिचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या हाताने पाणी पाजलं. एक घोट, दोन घोट, तीन घोट. माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, तुमची ही नमाज कबूल झाली बघा. आणि डोळे मिटले.”

“सुबहानल्लाह,” कुणीतरी म्हणालं. टेलरमास्तर बाहीने नाक पुसू लागले. इमामसाहेब म्हणाले, “ऐकलंत? हा आयतीचा अर्थ.”

पडदा हलला. मुलगी उभी राहिली होती, आणि बायकांच्या बाजूने इतक्या वर्षांत कुणी असं उभं राहून बोललं नव्हतं.

“अब्बा,” ती म्हणाली, “मला तर तुम्ही तीनदा सांगितलंत, तिने हाकच मारली नाही.”